मासा सोडला की पुण्य लागतं?

बासच्या मागे लागलेल्या गळवाल्यांचा एक लाडका मंत्र आहे: मासा पकडा, फोटो काढा, परत पाण्यात सोडा. ऐकायला एकदम भारी. पण हा मंत्र झाडून सगळ्या तळ्यांना लावायचा, हे काही आपल्याला पटत नाही बुवा.

टेक्सासात ठीक आहे. लार्जमाउथ बास मूळचा त्याच भागातला. १३ पौंडांचा बास म्हणजे बहुधा मादीच. ती जगली तर पुढची पिल्लं होणार. १९८६ पासून तिथलं सरकारी खातं अशा माद्या पैदाशीसाठी मागून घेतं.

आता जपानच्या बिवा सरोवराकडे या. २००९ मध्ये मानाबू कुरिताने तिथे १०.१२ किलोचा बास काढला आणि जॉर्जियाच्या जॉर्ज पेरीच्या १९३२ च्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. टाळ्या! पण हा मासा जपानचा नाहीच. १९२५ मध्ये तो आशी तलावात बाहेरून आणून सोडला, मग देशभर पसरला. बिवात तो मूळच्या माशांवर ताव मारतो. म्हणून शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत सोडायला बंदी घातली. त्याविरुद्ध गळवाले कोर्टातही गेले.

का, तर म्हणे माशाची दया येते! अहो, दया येते तर गळ कशाला टाकता? आणि बास ज्यांना गिळतो त्या माशांना जीव नसतो काय? पुढच्या वर्षीची ट्रॉफी शाबूत राहावी म्हणून सोडता, तसं सरळ सांगा. दयेचं नाव कशाला?