घरच्या मुलाची रजा

व्यापारी घरातील मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला की वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "आता दोन महिने दुकानावर बसेल." या ‘मोकळा’ शब्दाचा अर्थ मुलाच्या लेखी एक असतो आणि वडिलांच्या लेखी दुसरा. दोन्ही अर्थ आपापल्या जागी खरे असतात, आणि अनेक घरांतील उन्हाळा या दोन अर्थांच्या ओढाताणीतच सरतो.

पुण्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरचा 2019 चा उन्हाळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुलाने मार्चमध्ये बारावीचे पेपर दिले आणि लगोलग सी.ए. फाउंडेशनची तयारी आरंभली. चार विषय, चारशे गुण. प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के मिळाल्याविना पुढचे दार उघडत नाही. सकाळी साडेसहा ते साडेनऊ क्लास, साडेदहाला दुकान, सूर्यास्तापूर्वी घरून आलेला डबा, दुकान वाढवल्यावर पुन्हा पुस्तके, असा त्याचा दिनक्रम ठरून गेला. 2 मेपासून सुरू होणाऱ्या सी.ए.च्या परीक्षा लोकसभा निवडणुकीमुळे 27 मेपासून घेण्याचे ठरले, तेव्हा श्वास घ्यायला थोडी उसंत मिळेल असे त्याला वाटले. ते वाढीव दिवस क्लासने आणि दुकानाने आपसांत वाटून घेतले.

दुकानाने त्याला काही दिले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. शिल्लक मालाचे मूल्य खरेदीच्या किमतीने किंवा विकून हाती येणाऱ्या रकमेने, यांपैकी जे कमी असेल त्याने धरावे, हा नियम त्याने क्लासमध्ये लिहून घेतला. त्याचा अर्थ कळला तो दुकानात, गेल्या लगीनसराईतील न खपलेल्या रंगांचे तागे वडिलांनी शांतपणे पडत्या भावाने काढले तेव्हा. नमुना एक आणि माल दुसरा निघाला म्हणून एक गिऱ्हाईक परत आले, त्या दिवशी 1930 चा मालविक्री अधिनियम त्याच्यासमोर उभा राहिला. अशी शिकवणी पैसे भरून मिळत नाही.

परंतु त्याच्या मनात या उन्हाळ्याचे आणखी एक खाते होते. 26 एप्रिलला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हायचा होता. 2008 मध्ये ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मालिकेतील हा बाविसावा चित्रपट. ती मालिका सुरू झाली तेव्हा हा मुलगा पहिली-दुसरीत होता. तिच्याबरोबरच तो मोठा झाला. वर्षभरापूर्वीच्या भागाच्या अखेरीस निम्मी सृष्टी नाहीशी झाली होती आणि तिच्यासोबत स्पायडरमॅनही. तो परत येतो का, हा प्रश्न त्याने वर्षभर जपून ठेवला होता.

घरातील मोठ्यांना यात पोरकटपणा दिसतो. पण या नायकाकडे जरा निरखून पाहिले, तर मुलांचा जीव त्याच्यात का गुंततो ते उमगते. 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेला हा पीटर पार्कर मुळात एक विद्यार्थी आहे. काका गेलेले, घरात काकू, पैशांची चणचण. म्हणून तो वर्तमानपत्राला छायाचित्रे विकतो. 2004 च्या ‘स्पायडरमॅन 2’मध्ये तो घरोघरी पिझ्झा पोहोचवतो, उशीर झाला म्हणून नोकरी गमावतो आणि वर्गात वेळेवर येत नाही म्हणून प्राध्यापकांची बोलणी खातो. जग वाचवणाऱ्यालाही घड्याळ पुरत नाही, हे पाहून ज्याचे स्वतःचे घड्याळ पुरत नाही त्या मुलाला धीर येतो.

मित्रांनी शुक्रवारी सकाळच्या खेळाची तिकिटे काढली. चित्रपट तीन तास एक मिनिटाचा. नेमके त्याच आठवड्यात मुनीमजी घरच्या लग्नासाठी गावी गेले. वडिलांनी मनाई केली नाही, "बिलांवर कोण बसेल?" एवढेच विचारले. मुलाने तिकीट मित्राला दिले आणि तो गल्ल्याजवळ बसला. मोबाईलवरील मित्रांचे संदेश त्याने बंद केले, जेणेकरून शेवट कोणाकडून कळू नये. तरीही रविवारी, आई साड्या पाहत असताना कंटाळलेल्या एका लहानग्या गिऱ्हाइकाने कोणता नायक अखेरीस प्राण देतो ते त्याला उत्साहाने सांगून टाकले. त्याने हसून साडी घडी केली आणि बिल फाडून दिले.

महिनाअखेरीस पगाराची यादी त्यानेच तयार केली. चार सेल्समन, प्रत्येकाचे कामाचे दिवस, प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी, उचल वजा जाता देणे रक्कम. रात्री वडील ती यादी तपासत असताना आईने सहज डोकावून विचारले, "तुमच्या या यादीत आपल्या मुलाचे नाव कुठे आहे?" वडील म्हणाले, "घरच्याचे नाव कशाला?" आई म्हणाली, "पगारासाठी नाही. सुट्टी मोजायला."

वडिलांनी उत्तर दिले नाही. पूर्ण महिन्यात मुलाचा एकही दिवस दुकानाविना गेला नव्हता, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. 7 मेची अक्षय्य तृतीया पार पडली, त्या रात्री गल्ला मोजताना ते एवढेच म्हणाले, "उद्या दुकानावर येऊ नकोस." बुधवारी तो धाकट्या बहिणीला घेऊन सकाळच्या खेळाला गेला. शेवट ठाऊक होता. तरीही नाहीसे झालेले सगळे परत येतात त्या प्रसंगी तो खुर्चीतून उठून उभा राहिला, हे बहिणीने जेवताना सर्वांना सांगितले. त्याच संध्याकाळी तो लेखाकर्माची पुस्तके उघडून बसला. परीक्षेचा निकाल तेव्हा अजून लागायचा होता. पण त्या एका दिवसाची योग्यता निकालावर ठरवण्याचे कारण नाही.

एक वस्तू निवडताना जी दुसरी सोडावी लागते ती तिची खरी किंमत, असे अर्थशास्त्र सांगते. तीन तासांच्या चित्रपटाने किती अभ्यास बुडाला, हे घरातील मोठी माणसे चटकन सांगतात. रजा न दिल्याने काय बुडते, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. ज्या घरात मुलाला रजा मागण्याची सोय नसते, तेथे ती मागितली जात नाही. ‘जादा क्लास’ या नावाखाली ती घेतली जाते. तिकिटाचे पैसे थोडे असतात, पण त्या एका खोट्यामुळे पुढे ज्याच्या हाती गल्ला द्यायचा त्याच्यावरचा भरवसा खर्ची पडतो. पेढीची पत तर भरवशावरच उभी असते.

मुलांनीही इतके ध्यानात ठेवावे की हंगामाच्या दिवसांत दुकान सोडून जाणे शोभत नाही, आणि मनातील इच्छा आधी सांगितली तर घर बहुधा वाट काढते. या मुलाने तिकीट सोडताना आदळआपट केली नाही. म्हणूनच आईच्या एका प्रश्नाने काम भागले. पण प्रत्येक घरात तो प्रश्न विचारणारे कोणी असतेच असे नाही. तेव्हा उन्हाळ्याच्या आरंभी, मुलगा किंवा मुलगी दुकानावर येऊ लागेल त्या पहिल्याच दिवशी, नोकरांच्या हजेरीपटात त्यांचेही नाव घालावे, आणि आठवड्यातील कोणता वार त्यांचा, हे त्यांनाच विचारून लिहावे.