रातोरात बदलणारा नियम

कांद्याची निर्यात रोखण्याचा अधिकार सरकारला आहे, याबद्दल वाद नाही. भाव कडाडले की हातावर पोट असलेल्या घरातून कांदा आधी कमी होतो आणि लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने तिकडे डोळेझाक करून चालत नाही. आमची तक्रार आहे ती हा अधिकार ज्या रीतीने वापरला जातो तिच्याबद्दल.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य ठरले. ७ डिसेंबरची तारीख असलेल्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली, ती ३१ मार्च २०२४ पर्यंत असे सांगून. मुदत संपण्याआधीच बंदी बेमुदत वाढली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबरात किमान मूल्य गेले, शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्यावर आले. वीस महिन्यांच्या आत एकाच मालाचे नियम इतक्या वेळा बदलले. या तारखांशेजारी निवडणुकीचे वेळापत्रक ठेवून पाहावे. बंदी उठली तेव्हा नाशिक आणि दिंडोरीच्या लोकसभा मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले होते. शुल्क निम्म्यावर आले तेव्हा विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता कांद्याने घालवली, ही आठवण सगळ्याच पक्षांच्या मनात घर करून बसली आहे.

निर्यातदार लासलगाव-पिंपळगावच्या लिलावातून माल उचलतो, खळ्यावर प्रतवारी करून गोण्या भरतो आणि कंटेनर न्हावा शेवाकडे रवाना करतो. दुबईच्या किंवा कोलंबोच्या आयातदाराशी डॉलरमधला दर त्याने आधीच ठरवलेला असतो. मध्येच ४० टक्के शुल्क आले तर तो दर बदलत नाही. फरक त्याच्याच खिशातून जातो. बंदी आली तर तयार माल स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने विकावा लागतो. डिसेंबरच्या आदेशात सवलत होती ती जहाजावर चढू लागलेल्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेल्या मालाला. करार झालेला, पैसे गुंतलेला, पण खळ्यावरच असलेला माल तिच्या बाहेर राहिला. सरकारी आदेशामुळे माल देता आला नाही, असे करारातले कलम दाखवून दंड कदाचित टळेल. गिऱ्हाईक टिकवायला ते कलम उपयोगी पडत नाही. आयातदाराला आपले दुकान भरायचे असते. तो पाकिस्तान, इजिप्त, नेदरलँड्सकडे वळतो आणि पुढच्या हंगामात आपला फोन आला की आधी विचारतो, या वेळी माल पोचेल का? मोठी कंपनी एखादा हंगाम तोट्यात काढते. छोट्या निर्यातदाराला ते झेपत नाही आणि त्याने लिलावातून हात आखडला की भाव पडतो तो शेतकऱ्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले ते यामुळेच.

कायदा यातले काहीच अडवत नाही. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याचे कलम ३ केंद्राला राजपत्रातल्या एका आदेशाने निर्यात बंद करू देते. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे कलम ८ त्याच सहजतेने निर्यातशुल्क लावू देते. आगाऊ सूचनेची अट कुठेही नाही. संसदेपुढे कागद येतो तो नंतर. अशा कायद्यात भेदभावाला जागा आपोआप होते. ४० टक्के शुल्क चालू असताना बंगळूर रोझ जातीला सूट मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वसाधारण बंदी कायम असताना गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली. त्या शेतकऱ्यांना दिलासा मिळाला याचे दुःख नाही. पण नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याने त्याचा काय अर्थ लावायचा?

जागतिक व्यापार संघटनेचा शेतीविषयक करार याबाबत आपल्या कायद्यापेक्षा शहाणा आहे. अन्नपदार्थाच्या निर्यातीवर बंधन घालणाऱ्या देशाने आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, असे त्याचे १२ वे कलम सांगते. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, मात्र त्या पदार्थाचा जो निव्वळ निर्यातदार असेल त्याला नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन जाहीरपणे तक्रार केली, ती नेमकी ही की आधी कळवायला हवे होते. मागणी रास्त होती. तरी सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तशीच अचानक बंदी आली.

दुसऱ्याने असे केले की काय होते, हे आपण भोगले आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि आपल्या फोडणीचे तेल महागले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली, तिची झळ पुण्यातल्या विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या कारखान्यांना लागली. तेव्हा पुरवठ्यातल्या भरवशाची भाषा आपण केली आणि ती बरोबरच होती.

मग तोच भरवसा आपल्या कायद्यात लिहून द्यावा. बाजारभाव कोणत्या पातळीवर गेला की किती शुल्क लागेल, हे हंगामाआधी जाहीर व्हावे. आदेश आणि अंमल यांत किमान तीस दिवस असावेत. आधी उघडलेल्या, रद्द न करता येणाऱ्या पतपत्रावरचा (लेटर ऑफ क्रेडिट) माल बंदीतून वगळावा. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात थांबवताना सरकारने हे केले होते. तेव्हा मागच्या तारखांची खोटी पतपत्रे आली, हे खरे. त्यावर कागदपत्रांची कसून तपासणी हा उपाय सरकारनेच शोधला. शहरी गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर नाफेडचा राखीव साठा वेळेवर बाजारात आणावा आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पातून व्हावा. तो एकट्या उत्पादकाच्या माथी मारू नये. परकीय व्यापार कायद्याच्या कलम ३ मध्ये आणि सीमाशुल्क दर कायद्याच्या कलम ८ मध्ये ही दुरुस्ती महाराष्ट्रातल्या खासदारांनी पक्ष विसरून मागितली पाहिजे, तीही शुल्क शून्यावर असतानाच. भाव चढल्यावर दिल्लीत कोणी ऐकून घेणार नाही.