विश्लेषण : वकिली सांभाळून एलएल.एम.? नियमात बसते, मग वेळापत्रकात का नाही?

पुसद, वणी, पांढरकवडा किंवा दारव्ह्याच्या न्यायालयात नुकतीच सनद घेऊन उभ्या राहिलेल्या वकिलाला एक प्रश्न हमखास पडतो. पुढे शिकायचे, तर काळा कोट खुंटीला टांगावा लागेल का? नियमाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील व्यवहाराचे उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘हो’ असेच येते.

नियम काय सांगतो?

सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. शिक्षणाचे तसे नाही. सनद स्थगित न करता नियमित विद्यार्थी म्हणून एलएल.एम. करण्याची मुभा बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2009 मध्येच ठरावाद्वारे दिली आहे. म्हणजे सकाळी विद्यार्थी आणि दुपारी वकील असणे हा गैरप्रकार नाही.

मग अडचण कुठे?

अडचण घड्याळाची आणि अंतराची आहे. न्यायालयाचे काम सकाळी साडेदहा-अकरापासून सायंकाळी साडेपाचपर्यंत चालते. महाविद्यालयाचे वर्गही साधारण दिवसाच भरतात आणि हजेरीची अट सहसा 75 टक्क्यांची असते. यवतमाळहून अमरावती सुमारे 90, तर नागपूर सुमारे 150 किलोमीटर आहे. पुसद-उमरखेडच्या वकिलाला त्याहूनही लांब जावे लागते. नागपूरजवळच्या वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा एलएल.एम. एका वर्षात होतो, पण तो पूर्णवेळ आहे.

काम सोडून शिकणे कनिष्ठ वकिलाला परवडत नाही. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठांना शहरी भागात 20 हजार, तर ग्रामीण भागात 15 हजार रुपये मासिक विद्यावेतन देण्याची शिफारस केली. पण ती शिफारसच आहे, बंधन नाही. एकदा तारखेला गैरहजर राहिले, की पक्षकार दुसरा वकील शोधतो.

ऑनलाइन पदवी चालेल का?

इथे सावध राहायला हवे. पूर्वपरवानगीशिवाय चालणारे ऑनलाइन, दूरस्थ किंवा संमिश्र पद्धतीचे एलएल.एम. ग्राह्य धरले जाणार नाहीत, असे बार कौन्सिलने 2025 मध्ये बजावले आहे. शुल्क भरण्याआधी परवानगीचे पत्र मागून पाहावे. नाही तर प्राध्यापकीसाठी अर्ज करताना ही पदवी कुचकामी ठरू शकते.

न्यायाधीश व्हायचे असेल तर?

सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीशपदाच्या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. या अनुभवाचे प्रमाणपत्र प्रधान न्यायिक अधिकाऱ्याकडून घ्यावे लागते किंवा किमान 10 वर्षे वकिली केलेल्या वकिलाच्या प्रमाणपत्रावर त्या अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. म्हणजे शिकण्यासाठी दोन वर्षे न्यायालय सोडले, तर परीक्षेची वाटही तेवढी लांबते. वकिली आणि शिक्षण सोबत चालण्याची गरज या निकालाने वाढवली आहे.

जिल्ह्याला याचा उपयोग काय?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यातील काहींचा दावा पुढे थेट स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयात गेला. उत्पादकाची जबाबदारी कुठवर, कोणत्या देशाचा कायदा लागू आणि पुरावा कसा जपायचा, हे प्रश्न तिथे महत्त्वाचे ठरतात. अशा पुराव्याची सुरुवात तालुक्याच्या रुग्णालयातल्या कागदापासून होते. तो कागद पहिल्यांदा हाती घेणारा वकील गावाजवळचाच असतो. भूसंपादन, वनहक्क आणि अवैध सावकारी हेही इथलेच विषय. त्यांचा सखोल अभ्यास केलेला वकील नागपूरलाच मिळणार असेल, तर त्याची किंमत पक्षकार मोजतो.

मार्ग काय?

सध्याची पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. नाव नोंदवायचे, हजेरी कागदावर भरायची आणि परीक्षेपुरते जायचे. यातून पदवी मिळते, पण ज्ञान मिळत नाही. शिवाय कायद्याचाच माणूस खोट्या नोंदीवर सही करतो. हजेरीची सक्ती वाढवून हे थांबणार नाही. जी हजेरी पाळणे शक्य आहे, तीच मागायला हवी.

दिल्ली विद्यापीठाने काम करणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा सायंकालीन एलएल.एम. राबवला आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने बार कौन्सिलची परवानगी घेऊन यवतमाळात सायंकाळी आणि शनिवार-रविवारी प्रत्यक्ष वर्ग भरवावेत. प्रबंधासाठी जिल्ह्यातल्याच प्रश्नांना प्राधान्य द्यावे. यामुळे दर्जा घसरेल, हा आक्षेप येईल. त्यावर उपाय परीक्षा आणि प्रबंधाची काटेकोर तपासणी हा आहे. वर्गाची वेळ दुपारची ठेवल्याने दर्जा वाढत नाही.

वकिलाला शिकण्याची परवानगी 2009 मध्येच मिळाली. आता त्याला वर्गात पोहोचता येईल, अशी वेळ द्यायला हवी.