स्पीकर भंगारात देण्याआधी सेल लावून बघा

जोयड्यात पाऊस ओसरला की माझ्याकडे दुरुस्तीला जुने स्टिरिओ स्पीकर येतात. आणणारा आधीच सांगतो, "गेला हो हा, फर्रफर्र वाजतो. आता ब्लूटूथवाला घ्यावा म्हणतो." जाळी काढून बघावं तर बहुतेकदा पडदा, कॉइल, मॅग्नेट सगळं शाबूत असतं. गेलेली असते ती पडद्याभोवतीची फोमची कड. बोट लावलं की तिचा चिकट भुगा हाताला येतो.

पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. कुठेही ठेवला तरी पंधरा-वीस वर्षांत तो खचतोच. आमच्याकडे काळी नदीच्या खोऱ्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते, तिथे तो किती टिकणार? रबराची किंवा कापडाची कड मात्र टिकते. एवढ्या एका कडेपायी सगळा स्पीकर टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

नवी कड बसवणं अवघड नाही, पण घाई चालत नाही. जुना गोंद स्पिरिटने खरवडायचा. मधली टोपी काढून कॉइलच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहते. मग कड चिकटवून रात्रभर ठेवायची. सकाळी पट्ट्या काढून पडदा बोटांनी हलकेच दाबायचा. खरखर लागली तर कड उचलून पुन्हा बसवायची. पट्ट्यांचं काम गाळलं की कॉइल घासते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, जुना माल दुरुस्त होतच नाही. भुशाच्या बोर्डाची पेटी ओलीने फुगली असेल, तर तिला इलाज नाही, तेही मी स्पष्ट सांगतो.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलंच केलं. पण आठ इंची फोमची रिंग तालुक्यात मिळत नसेल, तर तो हक्क वापरायचा कसा? कंपन्यांनी सुटे भाग आणि मापं द्यायलाच हवीत, आणि आयटीआयच्या मुलांना हे काम शिकवायला हवं.

भंगारवाला वजनावर पैसे देईल. त्याआधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. पडदा हलून 'टक्' असा आवाज आला, तर कॉइल जिवंत आहे. तो स्पीकर विकू नका.