ऑक्सिजन बेताने देणे ही हयगय नव्हे



वॉर्डातल्या सिस्टर ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवतात, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची तक्रार समजण्याजोगी आहे. कोविडनंतर रक्तातील ऑक्सिजनचा ९५ टक्क्यांच्या खालचा आकडा दिसला की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पण सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या ज्या रुग्णांच्या रक्तात जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो (जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला कधी न शिवलेल्या बायकाही यात आल्या), त्यांच्यासाठी ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्केच आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टास्मानियातील रुग्णवाहिकांच्या चाचणीत, बेताने ऑक्सिजन दिलेल्या सीओपीडी रुग्णांतील मृत्यू सरसकट जास्त प्रवाह दिलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी होते.

ऑक्सिजन कमी पडूनही माणूस दगावतोच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे, म्हणूनच ८८च्या खाली घसरू न देणे हेही परिचारिकेचेच काम. ते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर भागत नाही, कारण त्याला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. पूर्ण मिनिटभर श्वास मोजणे, हाक मारल्यावर रुग्ण नीट ओ देतो की गुंगीत आहे हे पाहणे, खाटेशी उभे राहूनच होते. एकीवर अख्खा वॉर्ड टाकला तर ते होणार कधी? तक्रार करायचीच, तर त्याची करावी.