वर्धेत पाहण्यासारखे काय आहे?

आमचे साडूभाऊ पुण्याचे. त्यांची मुलगी डब्लिनला असते, त्यामुळे एक अख्खा उन्हाळा आयर्लंडमध्ये काढून आले आणि तेव्हापासून आमच्या घरात आयर्लंडचे पारायण सुरू झाले. ट्रिनिटी कॉलेजातली बाराशे वर्षांची चित्रमय पोथी, न्यूग्रेंजची पाच हजार वर्षांपूर्वीची समाधी, आणि ब्लार्नीचा तो दगड, की ज्याचे चुंबन घेतले म्हणजे माणूस म्हणे बोलका होतो! (साडूभाऊंना त्याची गरज नव्हती, पण तरीही ते घेऊन आले.)

मागच्या हिवाळ्यात ते दहा वर्षांच्या नातीला घेऊन आमच्याकडे उतरले. चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "साडूभाऊ, दोन दिवस आहेत हाताशी. पण खरं सांगा, तुमच्या वर्धेत पाहण्यासारखं आहे काय?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हां वर्धेकरांना नवा नाही. आमच्या गावाला किल्ला नाही, लेणे नाही, समुद्र नाही. गाव तसे तरुणच. 1862 साली नागपुरातून जिल्हा वेगळा काढला, पुलगावजवळच्या कवठ्याला कचेरी थाटली, आणि 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर आखले. नाव नदीचे घेतले. शिवाय 1975 पासून जिल्ह्यात दारूबंदी. डब्लिनच्या रंगेल गुत्त्यांची वर्णने ऐकवणाऱ्या पाहुण्याला हे सांगताना मी जरा चाचरलोच!

पण मी म्हटले, "तुम्ही तिथे सगळ्यांत जास्त वेळ कुठे रमलात?"

साडूभाऊ थोडे थांबले. "किलमॅनहॅमच्या तुरुंगात," ते म्हणाले. "1916 च्या उठावातल्या पुढाऱ्यांना तिथे गोळ्या घातल्या. रिकाम्या कोठड्याच आहेत. पण लोक तिकीट काढून, रांग लावून जातात."

"मग चला," मी म्हटले. "आमच्याकडेही रिकाम्या खोल्याच आहेत."

सेवाग्राम शहरापासून सात-आठ किलोमीटर. मिठाच्या सत्याग्रहाला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचे नाही, असा गांधीजींचा निश्चय होता. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते 1934 मध्ये वर्धेला आले आणि 1936 च्या एप्रिलअखेरीस शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. पुढे शेगाव म्हटले की टपाल गजाननमहाराजांच्या शेगावी जाऊ लागले, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पोस्टाच्या घोटाळ्यातून इतके चांगले नाव दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाले असेल, असे वाटत नाही.

आदिनिवास, बा-कुटी, बापूकुटी, आखरी निवास. माती, बांबू, कौले आणि चटया, याखेरीज तेथे डोळे दिपवणारे काही नाही. साडूभाऊंनी पाच मिनिटांत सगळे पाहून टाकले आणि घड्याळाकडे नजर टाकली. नात मात्र साप धरायच्या लाकडी चिमट्यापाशी उभी राहिली. साप मारायचा नाही, धरून दूर सोडून यायचा, हे ऐकून तिला नवल वाटले. दफ्तरातली टेलिफोनची खोली तर तिला फारच आवडली. व्हाइसरॉय लिनलिथगोसाहेबांना गांधींशी बोलण्याची निकड लागे, म्हणून या खेड्यात फोन आला. मग मी तिला परचुरे शास्त्र्यांची कुटी दाखवली. संस्कृतचे मोठे पंडित. महारोग झाला म्हणून जगाने दूर लोटलेले. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, मालिश करीत. त्याच काळात वर्धेला 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा, असा ठराव केला. साम्राज्याला जा म्हणणारा माणूस सकाळी एका रोग्याचे अंग चोळून आलेला असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मातीच्या भिंती जरा निराळ्या दिसू लागतात.

1946 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी येथून दिल्लीला गेले, ते परत आलेच नाहीत. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. साडूभाऊंनी घड्याळ पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मगन संग्रहालय. 1938 च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेले हे ग्रामोद्योगांचे घर. तेथून गोपुरीला गीताई मंदिर. या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा तेवढ्या उभ्या आहेत. शेजारीच जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या परंपरेतला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप. हे गुरुजी 1933 मध्ये गांधीजींना भेटायला वर्धेत आले होते.

नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी पवनार. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत. काही पंडित मान मनसरला देतात. वाद त्यांचा त्यांना लखलाभ! विनोबा 1938 मध्ये येथे राहायला आले आणि जमीन खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प सापडले. 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते येथूनच उभे राहिले. आणि 1982 साली, अन्नपाणी व औषध थांबवून, 15 नोव्हेंबरला ते येथेच गेले. तो दिवाळीचा दिवस होता. आमच्या पिढीच्या वर्धेकरांना पणती लावताना अजून त्याची आठवण होते.

सवड असती तर हिंगणघाटला नेले असते. मद्रासहून हिंदुस्थानची मोजणी करीत निघालेला विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी तेथे मरण पावला. त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला कापसाच्या गावातली एक कबर आली. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे. तेथे सापडणारे गोल खडे म्हणजे एका व्यापाऱ्याच्या मालाचे झालेले दगड, अशी कथा सांगतात. ती ब्लार्नीच्या दगडापेक्षा काही कमी नाही!

परतीच्या गाडीला दोन तास होते, म्हणून गावातल्या लक्ष्मीनारायण मंदिरापाशी थांबलो. बजाज घराण्याचे हे देऊळ. मी नेहमीप्रमाणे रस्त्यावर उभा राहून माहिती दिली: "1928 च्या जुलैत जमनालालजींनी हे देऊळ अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या माणसांना खुलं केलं. देशातल्या पहिल्या अशा देवळांपैकी हे एक. सनातन्यांनी केवढी ओरड केली! पण आम्ही वर्धेकरांनी..."

"तुमची आजी तेव्हा इथे होती का हो आजोबा?" नातीने विचारले. "ती पण आत गेली का सगळ्यांबरोबर?"

आजवर कितीतरी पाहुण्यांना मी हे देऊळ दाखवले. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आमची आजी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. गेली नाही. त्या दिवसापासून तिने त्या देवळाची पायरी चढली नाही, ती मरेपर्यंत. मनाने वाईट नव्हती. भुकेल्याला दारातून परत पाठवत नसे. त्या मूर्तीवर तिचा जीव होता. लहानपणी तिचे बोट धरून मी या रस्त्याने जात असे. देऊळ आले की ती थांबे, कळसाकडे पाहून हात जोडी आणि पदर सावरून पुढे निघे. का, ते मी विचारले नाही. मोठेपणी कळले, तेव्हा ते मी कोणाला सांगितले नाही. "आम्ही वर्धेकर" असे मी छातीठोकपणे म्हणत आलो, जणू काही आमचेच घराणे दार उघडायला पुढे होते. आणि मीही रस्त्यावरूनच हात जोडीत आलो. सवयीने, दुसरे काय?

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. साडूभाऊ काही बोलले नाहीत. ब्लार्नीचा गुण तेवढ्यापुरता उतरला असावा.

"मग आपण जाऊ या ना," ती म्हणाली, आणि तिने माझे बोट धरले.

आत गेलो. मूर्तीपुढे उभे राहिलो. गाडी चुकेल म्हणून कोणी घाई केली नाही.

तेव्हा वाचकहो, वर्धेत पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर मी आता एवढेच सांगतो की दोन दिवस काढून या. उन्हाळा टाळा, आमचे ऊन पाहुणा म्हणून कोणाची गय करत नाही. दिवाळीनंतर या. नागपूरहून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि वर्धा व सेवाग्राम अशी दोन्ही स्टेशने सोयीची आहेत. सेवाग्रामची प्रार्थना चुकवू नका. जाताना गोरस भांडारातला गोरसपाक घ्या. साडूभाऊंनी पुण्यासाठी आणि डब्लिनसाठी मिळून चार पुडे नेले. आणि लहान मूल बरोबर असेल तर फार बरे. कारण आमच्याकडल्या रिकाम्या खोल्या आणि उघडी दारे पाहायला तिकीट लागत नाही. पण ती पाहताना एखादा प्रश्न आपल्याच घराकडे वळतो. त्याला उत्तर देण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.