निसर्गाशी नातं : रोजची पाच मिनिटं पुरेत



निसर्गाशी नातं म्हटलं की आपल्याला लगेच सहल आठवते. बीड जिल्ह्यात जागांची कमी नाही. पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे, १९९४ साली जाहीर झालेलं नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पण सहल वर्षातून एकदाच निघते. बाकीच्या दिवसांचं काय?

आनंददायी अभ्यासक्रमात 'सजगता' हा भाग आहे. त्यात आपण मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. ते चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की रोज पाच मिनिटं हीच सजगता उघड्या डोळ्यांनी, वर्गाबाहेर व्हावी.

करायचं काय? प्रत्येक मुलानं शाळेच्या आवारातलं एक झाड निवडावं. झाडं कमी असतील तर तिघा-चौघांत एक. रोज त्याच्याजवळ गप्प उभं राहावं. सालीवरून हात फिरवावा. ऐकू आलेले आवाज बोटांवर मोजावेत. कालच्यापेक्षा आज काय बदललं, ते एका वाक्यात सांगावं. कडुलिंबाची पानं गळतात, मग तांबूस पालवी फुटते, फुलोरा येतो. हे पुस्तकात वाचण्याआधी मुलानं स्वतः पाहिलेलं असावं. उन्हाळ्यात सगळं रखरखीत दिसतं म्हणून थांबू नका. आपल्याकडचा निसर्ग असाच आहे, तोही बघायला शिकायला हवं.

एक पथ्य मात्र पाळा. याला गुण देऊ नका आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मोबाईल निघाला की मुलं झाडाकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघतात.

आपल्या जिल्ह्यात याची गरज जास्त आहे. दिवाळीच्या आसपास कितीतरी आई-वडील ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, काही सोबत जातात. मागं राहिलेल्या लेकराला रोज भेटणारं, आपलं असं काहीतरी हवं. कारखान्यावरून परतलेल्या लेकरालाही 'माझं झाड कसं आहे?' हे बघायला शाळेत यावंसं वाटेल.

पालकांनीही संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून लेकरांसोबत अंगणात बसावं. वारा कुठून येतोय, कोणता पक्षी ओरडतोय, हे त्यांनाच विचारावं. शेळ्यांमागं फिरणाऱ्या पोराला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्या या माहितीला शाळेत आणि घरात किंमत मिळाली पाहिजे.

उद्या परिपाठ झाल्यावर पाच मिनिटं काढून बघा. खर्च काहीच नाही.